ठोंब्याचा केसपेपर

उत्तम खिल्लारे यांनी पहिल्याच भेटीत मला जो प्रश्न विचारला, तो असा : "ज्याला तोंड हाय पण पोट न्हाई, असं जनावर रोजचं किती खाईल?"

मी वसमतच्या हळदीच्या बाजारात मापाडी आहे. पोतं काट्यावर चढवायचं, वजन मोठ्यानं पुकारायचं आणि वहीत लिहायचं, हे माझं काम. त्यामुळं 'किती' हा शब्द कानावर पडला की मी थांबतो. मी विचारलं, "जनावराचं वजन किती?"

खिल्लाऱ्यांचा चेहरा उजळला. "चार वर्षं झाली मला वसमतीत," ते म्हणाले, "हे इचारणारे तुमी पैले. बाकीचे इचारतात, डोकं ठिकाणावर हाय का."

ते गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टी करणारे, होते. आमच्या ओळीतली शेवटची खोली त्यांनी नुकतीच भाड्यानं घेतली होती. वय चाळिशीचं, अंगानं काटकुळे, शर्टाला औषधाचा वास. बायको बाळंतपणात गेली, त्याला बारा वर्षं झाली, एवढंच मला पुढं कळलं. लोक त्यांना ढोरडॉक्टर म्हणत. ते प्रत्येक वेळी थांबून सांगत, "डॉक्टर न्हाई, ड्रेसर." कुणी त्यांच्या आडनावावरून थट्टा केली तर त्यांचं उत्तर तयार असे. "आमच्या आडनावातच जात हाय. पण ती बैलाची."

आता त्या जनावराबद्दल सांगतो. दुष्काळानंतर गावोगावी लस टोचण्याचं काम निघालं. लोक जनावरं घेऊन येईनात. लोक जमवायचे तर काहीतरी करमणूक हवी, म्हणून खिल्लाऱ्यांनी मिलोच्या, म्हणजे दुष्काळात रेशनवर आलेल्या लाल ज्वारीच्या, रिकाम्या पोत्याचं हातात घालायचं एक बाहुलं शिवलं. कल्पना अशी की हा बैल स्वतःच्या तोंडानं सांगेल, मला सुई टोचा. डोळ्यांना दोन बटणं लावली, एक कोटाचं आणि एक शर्टाचं. शिंगं शिवली, ती कानांसारखी खाली पडली. आमच्या भागातल्या गोरेगावच्या बाजारात त्यांनी ते पहिल्यांदा वर काढलं, तेव्हा पुढं बसलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "हे आसवल हाय का डुक्कर?"

दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. खिल्लारे म्हणाले, "तिसरंच हाय. नवीन निघालंय. तपास चालू हाय."

आणि खरोखरच त्यांनी तपास चालू केला. त्याचं नाव ठोंब्या ठेवलं. दवाखान्यातला एक गुलाबी केसपेपर आणून त्यावर रकाने भरायला घेतले. "केसपेपर काढल्याबिगर बोलायचं न्हाई," हे त्यांचं पालुपद होतं. पाहुणा आजारी असो की सायकल पंक्चर होवो, आधी केसपेपर.

रविवारी सकाळी आम्ही ओट्यावर बसत असू. मी माझा घरचा पितळी तराजू काढला. ठोंब्याचं वजन भरलं दोनशे चार ग्रॅम. खिल्लाऱ्यांचा नियम असा, की गुराला वजनाच्या शंभर भागांपैकी अडीच भाग सुका चारा रोज लागतो. मी आकडेमोड केली. पाच ग्रॅम आणि वर चिमूटभर. त्यांनी 'आहार' रकान्यात लिहिलं : पाच ग्रॅम.

"पण पोट नाही," मी म्हणालो. "मग जातं कुठं?"

"तेच तर. जबडा बघा. वर-खाली हलतो, आडवा न्हाई हलत. म्हंजे रवंथ न्हाई. म्हंजे चार कोठ्यांचं पोट लागतच न्हाई."

"शेण?"

"आजवर एकदाबी न्हाई. जे खाईल ते सगळं अंगी लागतंय."

मी हे मान्य केलं नाही. आत गेलेलं आणि बाहेर आलेलं यांचा मेळ बसलाच पाहिजे. मग त्यांनी थर्मामीटर काढला. बैलाचं तापमान साधारण एकशे एकच्या वर असतं. ठोंब्याच्या आत हात असला की अठ्ठ्याण्णव. हात काढून पाच मिनिटांनी पाहिलं तर ओट्यावरच्या हवेइतकं. खिल्लाऱ्यांनी थर्मामीटर झटकला. मग म्हणाले, "मापाडी, ह्याला सोताची ऊब न्हाई. हात ज्याचा, ऊब त्याची." आणि केसपेपरवर तसंच लिहिलं.

पावसाळ्यात ठोंब्याचं वजन चौदा ग्रॅमनं वाढलं. मी म्हणालो, गोणपाटानं ओल धरली. ते म्हणाले, पोसलाय. यावर आमचं तीन रविवार चाललं. मला सांगायला हरकत नाही, माझे ते रविवार फार चांगले गेले.

केसपेपरचा एकच रकाना रिकामा होता. प्रकार, वय, रंग, आहार, तापमान असं सगळं भरलेलं, आणि 'जात' कोरा.

इथं मला आमच्या घरातली एक गोष्ट लिहिली पाहिजे. खिल्लारे बौद्ध. आमच्या ओट्यावरच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असे. खिल्लाऱ्यांचा चहा त्यात येई. प्यायल्यावर ते तो स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवीत. याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही. काट्यात दोन ग्रॅमचा फरक असला तर मला झोप येत नाही. हा फरक रोज डोळ्यांसमोर होता आणि मला झोप येत होती.

त्याच वर्षी माझी आई गोरेगावजवळच्या आमच्या गावाहून कायमची राहायला आली. दुष्काळात तिची म्हैस, चंद्री, जनावरांच्या छावणीत गेली ती परत आली नाही. त्यानंतर गोठ्यात दावण रिकामी. जमीन धाकटा भाऊ पाहतो. आई म्हणाली, "आता तिथं बसून काय करू?"

गावाकडं ती दिवसाला तीन भाकरी खात असे. इथं आल्यावर दोन झाल्या, मग एक, आणि दिवाळीपर्यंत अर्धी. आली तेव्हा मी तिला बाजारातल्या मोठ्या काट्यावर उभी केली होती. "हळदीचं पोतं समजलास काय मला," असं म्हणत ती चढली होती, आणि भरली होती बेचाळीस किलो. दिवाळीनंतर चढली तेव्हा काही बोलली नाही. पस्तीस.

डॉक्टरांनी दोनदा तपासलं. कुठं काही नाही. वय झालं म्हणाले आणि टॉनिक दिलं. माझ्या बायकोनं, सुमननं, तिच्या आवडीचं सगळं करून पाहिलं. आई ताटाकडं बघे, दोन घास चिवडी आणि ताट सरकवी. सात किलोचा फरक मी रोज मनात मोजत होतो. याच गतीनं पुढं काय, तेही मोजता येत होतं. तो आकडा मी कुणाला सांगितला नाही.

खिल्लाऱ्यांना सांगितला. ते म्हणाले, "खातात काय ते कळलं. कधी खायच्या ते इचारलं का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते ओट्यावर बसले. आई उंबऱ्याच्या आत बसली होती. दोघांमध्ये दोन हातांचं अंतर. तरी बोलणं माझ्यामार्फत. आईची रीतच तशी होती.

"मापाडी, इचारा मावशीला, गावाकडं जेवण कधी व्हायचं?"

आई मला म्हणाली, "सांग त्याला, ढोराचं झाल्यावर."

"ढोराचं म्हंजे?"

"म्हंजे चंद्रीला पाणी दावायचं, पेंड घालायची. तिनं तोंड घातलं की मंग मी. जनावर दावणीला उपाशी आन माणूस जेवतंय, असं कुठं असतं का? माझ्या सासूनंबी न्हाई केलं."

"आन इथं?"

आईनं ओट्यापलीकडच्या रस्त्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "इथं कोण हाय? सांग त्याला."

खिल्लाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. "टॉनिक बंद करा. ह्यांना दुखणं न्हाई. ह्यांना जनावर पाह्यजे."

दीड खोलीच्या घरात जनावर कुठं बांधणार? घरमालक कोंबडीसुद्धा ठेवू देत नव्हता. मी तसं म्हणालो. खिल्लारे म्हणाले, "दावण लागत न्हाई, शेण टाकत न्हाई, असं एक माझ्या पाहण्यात हाय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला ते ठोंब्याला घेऊन आले. ओट्यावर बसले आणि उजव्या हातावर कोपरापर्यंत ठोंब्या चढवला. ठोंब्यानं उंबऱ्यावरून मान आत काढली.

"हे काय सोंग?" आई म्हणाली.

"जनावर हाय मावशी. सकाळपासून उपाशी हाय."

"मला खुळी समजलास का रे? चिंध्याचं हाय ते."

"चिंध्याचंच हाय. म्हणून काय उपाशी ठिवायचं?"

आईनं त्याच्याकडं नीट पाहिलं. गुराकडं बघावं तसं, आधी डोळे, मग तोंड. मग आमच्याकडं जनावर पाहिल्यावर जे पहिलं विचारतात, तेच तिनं विचारलं. "इकतचं का घरचं?" म्हणजे बाजारातून आणलेलं की आपल्याच गोठ्यात झालेलं. घरचं जनावर सहसा कुणी विकत नाही.

"घरचंच. माझ्या हातानं झालेलं."

"जात?"

खिल्लाऱ्यांनी ठोंब्याची मान सारखी केली. "तेवढा रकाना रिकामा हाय," ते म्हणाले.

आईनं भाकरीचा कोपरा मोडला. नजरेनंच मला कळलं, पाच ग्रॅम. तिनं तो उंबऱ्याबाहेर पुढं धरला. ठोंब्यानं अलगद घेतला, जबडा चार वेळा वर-खाली केला, गिळला, आणि मोठ्या बटणाच्या डोळ्यानं आईकडं पाहत राहिला.

"पाहून राहिलं की ग बया," आई म्हणाली. "पाणी पितं का?"

"उन्हाळ्यात."

आईनं आणखी एक तुकडा दिला. मग सुमनला म्हणाली, "आण माझं ताट." त्या दिवशी तिनं अख्खी भाकरी खाल्ली. मी आतल्या खोलीत जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

माझ्या आईला भ्रम झाला नव्हता, हे स्पष्ट लिहितो. ती चिंध्यांना चिंध्याच समजत होती. पण हातातला पहिला घास कुणाच्या तरी तोंडात गेला, की तिच्या तोंडाला वाट मिळत होती. खिल्लारे रोज वेळेवर येत. आई ठोंब्याशी बोले. "काय रे ठोंब्या, आज उशीर काहून?" उत्तर खिल्लारे देत. "दवाखान्यात म्हैस अडली होती." "मंग सांगावं की घरी." अशा तऱ्हेनं दोघं बोलू लागले, आणि माझी मध्यस्थी संपली.

महिनाभरात आई दोन भाकरींवर आली. पण ठोंब्याचा खुराकही वाढला. पाच ग्रॅमचे वीस झाले, विसाचे साठ. पुढं आई त्याच्यासाठी वेगळी भाकरी करायला सांगू लागली. भाकरी दीडशे ग्रॅमची. दोनशे चार ग्रॅमचं जनावर दीडशे ग्रॅम खातं, म्हणजे वजनाच्या पाऊण पट. या हिशोबानं चारशे किलोचा बैल दिवसाला तीनशे किलो खाईल. मी ठोंब्याला पुन्हा तोललं. दोनशे चार.

"खिल्लारे, मेळ बसत नाही," मी म्हणालो. "जातं कुठं?"

"अंगी लागतंय."

"कुणाच्या?"

त्यांनी ठोंब्या काखेत मारला आणि खोलीकडं निघाले.

एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर थर्मामीटर विसरून गेले. मी तो द्यायला त्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडं होतं. ठोंब्या उलटा करून दोरीवर टाकला होता. त्याच्या शेजारी, घशापासून कोपरापर्यंत आत बसेल अशी एक सुटी पांढरी झोळी दिसली, स्वच्छ धुतलेली. खिल्लारे भिंतीला टेकून बसले होते. समोर ताटलीत भाकरीचे तुकडे, तुकड्यांना लागलेला ठेचा. ते एकेक तुकडा शांतपणे खात होते. कोपऱ्यातली चूल पाहिली. तिच्यात राख नव्हती. निदान चार महिन्यांत तरी ती पेटलेली नव्हती.

"या मापाडी," ते म्हणाले. "बसला का मेळ?"

मी थर्मामीटर उंबऱ्यावर ठेवला.

"एकट्यासाठी चूल पेटवायची तकलीफ वाटती," ते म्हणाले. "सकाळी हाटेलात काहीतरी, रात्री कधी हाय, कधी न्हाई. पैल्या दिवशी वाटलं, मावशीचा घास फेकायचा कसा? म्हणून खाल्ला. मंग सवय लागली. पण मावशीला सांगू नका. जनावर खातंय तवर त्या खातात."

मी घरी आलो. मला लपवाछपवी जमत नाही. सुमन पाण्याला गेली होती. मी आईला सगळं सांगून टाकलं आणि वाट पाहत बसलो, की आता ही पुन्हा ताट सरकवणार.

आई म्हणाली, "मला काय डोळे न्हाईत?"

"म्हणजे?"

"बैलाला ठेचा कोण घालतंय, बापू? पैल्या आठवड्यातच कळलं. घास आत गेला की त्या पोराच्या गळ्याची घाटी हालायची. म्हणून तर भाकरी वाढवली."

"मग त्याला आतच बोलव ना जेवायला."

आईनं मान खाली घातली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तेवढं मला जमंना," ती म्हणाली. "साठ वर्षं झाली ह्या अंगाला. तू जल्मापासून पाहतोस. आन तू तरी कुठं बोलवलंस?"

मी कोनाड्यातल्या कपाकडं पाहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी खिल्लारे सिद्धेश्वर धरणाकडच्या गावांत लस टोचायला गेले. दोन दिवस येणार नाहीत असं सांगून गेले होते, तरी आई दोन्ही दिवस उंबऱ्याशी बसली. पहिल्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ताट सरकवलं. माझ्या डोक्यातला तो जुना आकडा पुन्हा जागा झाला.

तिसऱ्या दिवशी खिल्लारे आले. उजवा हात मनगटापासून बोटांपर्यंत पांढऱ्या पट्टीत. खुट्याला बांधताना एका गोऱ्ह्यानं हात दोरीसकट ओढला होता. पट्टी त्यांनी स्वतःच बांधलेली, अगदी नियमात. ठोंब्या डाव्या काखेत होता.

त्यांनी ओट्यावर बसून डाव्या हातात ठोंब्या चढवून पाहिला. ठोंब्या शिवलेला उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी, त्यामुळं घसा उलटा बसला. जबडा काही केल्या मिटेना. ठोंब्या आ वासून पडून राहिला.

"आज जनावर उपाशी, मावशी," ते म्हणाले. "माफी करा."

आई ठोंब्याकडं पाहत नव्हती. ती पट्टीकडं पाहत होती.

"ठोंब्याचं राहू दे," ती म्हणाली. "तू जेवलास का?"

साधा प्रश्न. पण तो माझ्यामार्फत नव्हता आणि ठोंब्यामार्फतही नव्हता. खिल्लारे उठून उभे राहिले.

"व्हईल काहीतरी, मावशी. डाव्या हातानं—"

"डाव्या हातानं कोण जेवतंय? आत ये. सुमन, पाट मांड."

खिल्लारे उंबऱ्याशी थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ती नजर थट्टेची नव्हती, विनवणीचीही नव्हती. काट्याकडं बघतात तशी होती, किती भरतंय ते पाहण्याची. मी म्हणालो, "या, खिल्लारे." एवढंच मला म्हणायचं होतं, आणि त्याला मला एवढा काळ लागला होता.

ते आत आले आणि पाटावर बसले. आई समोर बसली, भाकरी मोडली, ठेच्याला लावली आणि हात पुढं केला. "आ कर."

"मावशी, मी काय लेकरू हाय का?"

"गुपचूप आ कर. एवढे दिवस त्या चिंध्याच्या तोंडून खाल्लंस, आता सोताच्या तोंडानं खा."

खिल्लाऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं. दोन घास झाल्यावर त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं, आणि ते म्हणाले, "ठेचा तिखट हाय." आई म्हणाली, "ठोंब्या कधी बोलला न्हाई तिखट हाय म्हणून." त्यांचं जेवण झाल्यावर तिनं स्वतःचं ताट घेतलं आणि अडीच भाकरी खाल्ल्या. मी मोजत होतो.

जेवण झाल्यावर ती म्हणाली, "काढ तुझा तो कागद. तो रकाना भरायचा ऱ्हायलाय ना?" खिल्लाऱ्यांनी खिशातून गुलाबी केसपेपर काढला. माझी पेन्सिल डाव्या हातात धरली आणि विचारलं, "काय लिहू?"

"घरची म्हणून लिही."

त्यांनी लिहिलं. अक्षरं वाकडीतिकडी आली, पण वाचता येतात. जात : घरची.

कोनाड्यातला कप दुसऱ्या दिवशी दिसला नाही. कुणी काढला ते मी विचारलं नाही.

आई त्यानंतर पाच वर्षं जगली. शेवटच्या खेपेला काट्यावर भरली ती त्रेचाळीस, म्हणजे आली होती त्याहून किलोभर जास्त. गेल्या वर्षी गेली. ते पाच वर्षांचं माप कुणामुळं माझ्या पदरात पडलं, हे मला नीट ठाऊक आहे. मी खिल्लाऱ्यांना तसं एकदा सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "केसपेपर काढल्याबिगर बोलायचं न्हाई."

त्यांची बदली आता औंढ्याला झाली आहे. महिन्यातून एकदा एस.टी.नं येतात आणि माझ्या शेजारच्या पाटावर बसतात. ठोंब्याही बरोबर असतो. आता गोणपाट विरलंय, लहान बटण हरवलंय. जेवायला सुरुवात करण्याआधी ते उजव्या हातावर त्याला चढवतात आणि माझ्यापुढं धरतात. मी भाकरीचा कोपरा मोडून त्याच्या तोंडात घालतो. पाच ग्रॅमचा असावा. मी तोलून पाहत नाही.